टिंकूची कैची

माहं माहेर पवनारचं, धाम नदीच्या काठचं. बाप न्हावी, आजा न्हावी, अन् दिलं तेही न्हाव्याच्याच घरी, अल्लीपूरले. सत्तर-एकाहत्तर साल असन, पक्कं सांगता येत नाई ताई, आपली शाळा दुसरीपर्यंतची. नाव पंचफुला. मायले आधीच्या चार पोरी, पाचवी मी, म्हणून पंचफुला, अन् बापानं म्हणे पोरगी झाली हे ऐकून कपाळाले हात लावला होता. तुमी लिहून राह्यल्या नं? लिहा, पण गावात कोनाले वाचून दाखवू नका, अजून दोन-तीन जणं जिते हायेत त्यातले.

तवा गावात कटिंगचं दुकान नोतं. आमचे हे हत्याराची धोकटी काखेत मारून घरोघरी जायेत, सुगीच्या दिवसात घरोघरचं धान्य ये, त्यावर आमचं वर्ष निघे. अन् न्हाविणीलेही काम असते बरं, लोकाइले वाटते न्हावी म्हणजे वस्तरा, बस. लगनात नवरीचे पाय कोन धुते, नखं कोन काढते, बाळंतिणीची मालिश कोन करते? न्हावीण. आमच्याकडं लेकराचं जावळ काढाच्या आधी कैचीले अन् वस्तऱ्याले हळदकुंकू लावते तेही न्हावीणच, ते लावल्याबिगर न्हावी लेकराच्या डोक्याले हात लावत नाई. पण कैची आपली नाई. आमच्यात बाईच्या हाती नखं काढाची नहारणी, कैची माणसाच्या हाती, हे ठरलेलं. अन् यांचा हात काय सांगू तुम्हाले, असा हलका हात मी कोनाचा पाह्यला नाई, लेकरं डोकं करता करता यांच्या मांडीवर झोपून जायेत. बाया म्हणत, पंचफुला, तुह्या नवऱ्याच्या हाताले देवानं लोणी लावून धाडलं व. मी म्हणे, हाताले लावलं, जिभेलेही लावाचं होतं, माणूस दिवसातून चार शब्द बोलत नाई. तोंड माहं चाले, हात त्याइचा, असा आमचा संसार होता.

तं मले सांगाचं हाय एका कुत्र्याचं. ऐंशीच्या आगंमागंची गोठ. हिंगणघाटले मिलमधल्या एका सायबाची बाई टायफाईडनं दोन महिने खाटेवर होती, उठली तं अंगात जीव नाई, कोनीतरी सांगतलं अल्लीपूरची न्हावीण मालिश चांगली करते, म्हणून मले बोलावणं आलं. गुरवारी गावात कोनी डोकं करत नाई, मले मोकळीक, मी दर गुरवारी यष्टीनं जायची अन् दुपारच्या यष्टीनं वापस. बाई देहरादूनकडची, हिंदी बोले, स्वभावानं बरी, पण एकटी, सायब दिवसभर मिलमध्ये. अन् तिच्या खाटेखाली ते कुत्रं, टिंकू. ल्हासा जातीचं का काय म्हणे ती. एवढंसं, मांजरीपेक्षा उलसक मोठं, अन् केस जमिनीपर्यंत. पण बाई दोन महिने पडून होती नं, कोनी त्याले हात लावला नोता, तं केसाच्या जटा झालत्या, कानामागं, काखेत, पोटाखाली, त्यात गोखरू अडकलेले, गोचिडं झालेले, चालताना कातडं ओढे अन् ते कें कें करे. ते कुत्रं नोतं बाप्पा, कोन्या गोसाव्याचं डोकं होतं.

बाई रडे. म्हणे, पंचफुला, इसका कुछ करो. जनावराच्या डॉक्टरले दाखवलं तं तो बैलाचा डॉक्टर, त्यानं सांगतलं सप्पा कापून टाका नाई तं कातडं सडन. हिंगणघाटच्या दोन न्हाव्याइले बोलावलं तं ते हात जोडून गेले, म्हणाले आमी माणसाचं डोकं करतो, त्याच हत्यारानं कुत्रं केलं हे लोकाइले समजलं तं उद्या आमच्या म्होरं कोन बसन. अन् खरं हाय ते. मले हे ठाऊक नोतं असं मी म्हणत नाई. मले चांगलं ठाऊक होतं. पण त्या कुत्र्यानं माह्याकडं पाह्यलं, म्हणजे पाह्यलं असन, डोळे तं दिसतच नोते, अन् माह्या तोंडातून निघून गेलं, मैं करती बाई.

पह्यल्याच दिवशी मी चुकली. आपण न्हाविणी, आपल्याले वाटते आधी न्हाऊ घालाचं मंग विंचराचं, बाईमाणसाचं तसंच असते. मी चांगला रिठा फेसला, गरम पाण्यानं त्याले न्हाऊ घातलं, अन् वाळलं तं काय, जटा आवळून अशा झाल्या की जसं घोंगडं. बोट जाईना. ते दात काढे, मी घाबरली, बाई वरून ओरडे. मंग हळूहळू माह्याच ध्यानात आलं, याचं उलटं हाय, कोरडं असतानाच आधी गुंता सोडवाचा, मंग पाणी. इस्त्रीच्या टेबलावर चादर टाकाची, त्याले आडवं निजवाचं, गुंत्यात खोबरेल तेलाचा थेंब जिरवाचा, केस मुळाशी चिमटीत धरून ठेवाचे म्हणजे कातडं ओढत नाई, अन् टोकाकडून वर वर यायचं, बोटानं, मंग फणीनं. एक जट सोडवाले कदीकदी अर्धा तास लागे. जी सुटलीच नाई ती कापाची, पण आडवी नाई, उभी चिरत न्याची, म्हणजे टक्कल दिसत नाई. हे मले कोनी शिकवलं नाई बरं.

कापाले कैची पायजे होती. यांची एक जुनी कैची मोडीत पडलेली होती, खिळा पितळेचा, धार गेलेली. ती मी उचलली. उचलली म्हणजे चोरलीच म्हणा, घरातली वस्तू घरच्याच माणसापासून लपवली तं दुसरं काय म्हणाचं. हिंगणघाटले धारवाल्याकडून धार लावून घेतली. नखं मी बाईच्या नेलकटरनं काढे, माही नहारणी मी त्याले लावली नाई कदी, नहारणी सवाशिणीच्या पायाले लागते. कैचीचं मी मनाले असं समजावलं, की ती मोडीतली हाय, ती आता कोनाच्या डोक्याले लागणार नाई. घरी आणली की डालड्याच्या डब्यात, वातीच्या कापसाखाली.

वर्षभर गेली मी. टिंकू असा झाला की बाई त्याले आरशाम्होरं धरे. मी पायरीवर दिसली की तो आपणच टेबलाखाली येऊन उभा राहे. डोळ्यावरचे केस मात्र मी कदी बारीक केले नाई, तिथी माहा हात भ्ये, मी ते वर बांधून रबर लावून दे. खरं सांगू ताई, मले ते काम आवडे. घरी मी यांची बायको, गावात न्हावीण, पण त्या टेबलाजवळ जे होतं ते माह्या हाताचं होतं.

पण जीव टांगलेला. लुगड्याले लांब पांढरे केस चिपकत, एक दिवस यांनी एक केस चिमटीत धरून पाह्यला अन् म्हणलं, हे कोन्या बुढीचे? मी म्हणलं सायबाची माय आली हाय, तिचं डोकं विंचरते. आता सायबाची माय तं मरून सात वर्षं झालती. अन् कुत्रे! अल्लीपूरच्या थांब्यावर मी यष्टीतून उतरली की गावातले दोन-तीन कुत्रे माह्या मागं, लुगडं हुंगत हुंगत घरापर्यंत. लोकं हासत, पंचफुलाबाईची वरात आली पाहा. मीही हासे, अन् पदर आवळून भरभर घर गाठे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात नं, तसं. कोनी इचारलं असतं की हे कुत्रे काऊन तुह्याच मागं, तं यांच्या धोकटीले गावात दार उरलं नसतं, अन् आमचं घर त्या धोकटीवर उभं होतं.

आता सावित्रामायचं सांगते. गावातलं जुनं कास्तकाराचं घर, तिचा शब्द गावात चाले, तिनं एखाद्याले बरं म्हणलं की गाव बरं म्हणे. तिच्या लेकाले लगनानंतर नऊ वर्षांनी पोरगं झालं. नऊ वर्षं त्या सुनेनं काय काय ऐकलं असन ते तिचं तिलेच माहीत. त्या नातवाचं जावळ. सप्पा गावाले जेवण, मामा हिंगणघाटहून आलेला, आत्या नवीन लुगडं नेसून. मी पहाटेच तिच्या घरी गेलती, सुनेले न्हाऊ घालाले, मंग सैपाकघरातच अडकली. हे कवा आले, अंगणात काय करून राह्यले, मले पत्ता नाई.

मुहूर्ताची येळ झाली, मले हाक आली. अंगणात पाट, मामाच्या मांडीवर लेकरू, लेकराचे केस खांद्यापर्यंत, काळेभोर, आत्या पदर पसरून बसली. हे पाटाजवळ. नव्या कपड्यावर वस्तरा, फणी, तेलाची वाटी, पाण्याची वाटी, अन् कैची. मी ताट घेऊन खाली बसली, अंगठा कुंकवात बुडवला अन् पाह्यलं. पितळेचा खिळा.

माह्या कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं. हे मात्र खुशीत, माणूस कदी चारचौघात बोलत नाई, त्या दिवशी बोलला. सावित्रामायले म्हणे, माय, आज सकाळी मोठ्या कैचीचा खिळाच तुटला, म्हणलं झालं आता, घरी जाऊन डबे धुंडले तं ही सापडली, आमच्या हिनं जुन्या कैचीले धार लावून कापसात जपून ठेवलती, तुमच्या नातवाच्या जावळासाठी, अन् मले सांगतलं बी नाई पाहा. सावित्रामाय म्हणे, शाब्बास व पंचफुला. सगळ्या बाया माह्याकडं पाहून हासल्या. अन् मी पाहून राह्यली, खिळ्याजवळ दोन पात्यांच्या मधात एक पांढरा केस.

अंगठ्यावरचं कुंकू तसंच. काय करू? लावलं तं कुत्र्याच्या अंगावरची कैची मी माह्या हातानं पूजून नऊ वर्षांच्या नवसाच्या लेकराच्या डोक्यावर फिरू देते. नाई लावलं अन् खरं बोलली तं तिथंच, गावाम्होरं, या माणसाची धोकटी बंद. अन् तो माह्याकडं असा पाहे, ताई, लगनात सुदा माह्याकडं त्यानं तसं पाह्यलं नोतं.

मी कैची उचलली, कपाळाले लावल्यासारखी केली अन् सोडून दिली. पडली म्हणा, टाकली म्हणा. पाटाच्या कोरेवर आपटून खाली गेली. काई झालं नाई तिले! यांनी उचलली, फुंकली, कच कच करून पाह्यली, म्हणे काई नाई, बरी हाय, लाव कुंकू. तवा माह्या तोंडातून निघालं, पडलेलं हत्यार जावळाले चालत नाई.

अशी काई रीत नोती ताई. मी त्या घटकेले बनवली. अन् आता हासू येते, पण आजही आमच्या भागात जावळाच्या येळेले कैची पडली तं दुसरी आणतात, बुढ्या बाया म्हणतात जुनी रीत हाय. पण तवा हासू नोतं. यांनी माह्याकडं पाह्यलं. बापाजवळ काम शिकलेला माणूस, वीस वर्षं जावळं काढलेली, त्याले समजलंच की मी खोटं बोलून राह्यली. काऊन, ते समजेना. पण चारचौघात बायकोले खोटं पाडणारा तो माणूस नोता. कैची बाजूले ठेवली. सावित्रामायनं एकदा माह्या तोंडाकडं पाह्यलं, बराच येळ पाह्यलं, अन् म्हणे, चालत नाई तं चालत नाई, मुहूर्त चालला, वस्तऱ्यानं करा.

एवढे लांब केस आधी कैचीनं उतरवाचे असतात, मंग वस्तरा. नुसत्या वस्तऱ्यानं ओढ बसते. यांनी डोकं चांगलं भिजवलं, तेल लावलं, पण लेकरू पह्यल्याच हाताले असं किंचाळलं की मामाच्या हातून सुटाले लागलं. हे म्हणत, धरा, डोकं धरा. मामा घाबरट, धरे अन् सोडे. मी पाय धरले. अर्धं डोकं झालं, मंग कानामागं आले, अन् लेकरानं मान झटकली. रक्त. एवढंसंच, पण गोऱ्या लेकराच्या मानेवर रक्त लय दिसते. आत्या ओरडली. सुनेनं धावत येऊन लेकरू ओढून घेतलं, तसंच अर्धं डोकं केलेलं. यांनी तुरटी लावली, मी हळद दाबली, रक्त थांबलं, बाकीचं डोकं कसंतरी झालं. जावळाले रक्त निघालं, असं कोनीतरी बाई मागं पुटपुटली. सावित्रामायनं नारळ, धान्य, धोतर सगळं रीतीनं दिलं, पण देऊन सरळ आत गेली.

लेकरू आठ दिवसात बरं झालं. यांचा हात नाई झाला.

घरी आले तं मले वाटलं आता इचारतीन, काऊन टाकली. इचारलंच नाई. मले सांगाले तोंड होईना, अन् त्याइले वाटलं का आपलाच हात गेला. दोन-तीन दिवसांनी शेजारचं लेकरू आणलं कोनी, हे म्हणाले आज नाई, उद्या या. उद्या आले तं म्हणे परवा. लेकराचं डोकं पाह्यलं की धोकटी बंद. मंग मोठ्या माणसाच्या दाढीलेही हात थरथरे, पाण्याची वाटी हिंदळे. आधी लोकं गंमत करत, काऊन बुवा, रात्री घेतली काय? आयुष्यात थेंब घेतला नाई त्या माणसानं. मंग गंमत थांबली, अन् लोकं कामासाठी हिंगणघाटले गेले की तिकडूनच दाढी करून येत. एका घरी पोराचं जावळ होतं तं त्याइनं दुसऱ्या गावचा न्हावी आणला. हे त्या दिवशी दारात बसून होते, त्या न्हाव्याची सायकल आमच्याच दारावरून गेली. मले असं झालं की धरती फाटन तं बरं. माहं पाप अन् भोगून राह्यला तो माणूस.

दीड महिना मी हे पाह्यलं. एक दिवस दुपारी हे ओसरीवर आरसा ठेवून सोताची दाढी करून राह्यले होते. वस्तरा गालापर्यंत ने अन् परत आणे, परत ने अन् परत आणे. अर्ध्या गालाले साबण वाळून गेलं. मंग वस्तरा खाली ठेवला अन् हात पाहत बसले, जसा दुसऱ्याचा हात. मी चुलीपुढून उठली अन् म्हणून टाकलं, तुमचा हात चांगला हाय जी, मी ती कैची मुद्दाम टाकली, ती कुत्र्याची हाय.

मी सप्पा सांगतलं, बाई, टिंकू, जटा, डालड्याचा डबा, सायबाची मेलेली माय, सगळं. सांगता सांगता रडली, मले रडू लवकर येत नाई, पण रडली. म्हणलं मारा मले, माहेरी धाडा, पण हात थरथरवू नका. ते तसेच वाळलेल्या साबणानं माह्याकडं पाहून राह्यले. म्हणाले, मंग त्या रोजी सकाळी... अन् बोटं मोजाले लागले. म्हणे, खिळा तुटला तवा एकाचीच दाढी झालती. मंग ती कैची आणली. त्याच कैचीनं मंग सावित्रामायचा बुढा केला. लेकराचा बाप केला. मामा केला. अन् भटजी आले तं म्हणाले माहेही उलसक कानावरचे घे.

मले काई समजेना. मंग समजलं. म्हणजे मी लेकराले वाचवाले खोटं बोलली, यांची इज्जत रक्तात बुडवली, अन् त्याच्या आधीच त्या घरातले सगळे पुरुष, अन् वरून भटजी, टिंकूच्या कैचीखालून निघाले होते! मी कपाळाले हात मारला. म्हणलं, मंग कोनाले काई झालं? हे म्हणाले, भटजी परवा दिसले, चांगले हायेत. अन् हासले ताई. आधी नुसते खांदे हालले, मंग तोंड उघडून हासले, डोळ्यातून पाणी, अर्धी दाढी तशीच. मीही हासली, अन् लगेच तोंडावर हात ठेवला, बाहेरून कोनी जाऊन राह्यलं होतं.

पण त्याइले राग आला नाई असं नाई. हासू ओसरलं अन् म्हणाले, वर्षभर खोटं बोलली माह्यासंगं. एवढंच. मले चार थापडा लावल्या असत्या तं कमी लागलं असतं. दोन दिवस बोलले नाई.

गुरवारी मी निघाली तं म्हणाले, मी येतो. यष्टीत बाजूले बसले, खिडकीबाहेर पाहत. मले वाटलं आता बाईले बोलतीन, तमाशा होते. बंगल्यात बाई म्हणे, ये कौन? मी म्हणलं, हमारे घरवाले. हे कोपऱ्यात उभे. मी टिंकूले टेबलावर घेतलं, गुंता सोडवला, हे पाहत. मंग जवळ आले. म्हणाले, मुळाशी धरते काय? मी म्हणलं हो, मंग ओढत नाई. म्हणाले, हं. मंग डोळ्यावरचं रबर सोडलं त्याइनं अन् म्हणाले, हे काऊन केले नाई? मी म्हणलं, माहा हात भ्येते तिथी. तवा त्याइनं हात म्होरं केला, कैची मागितली.

मी दिली. बाई म्हणे, अरे आँख के पास, संभालके. मी पाहून राह्यली, तो हात थरथरून राह्यला होता. त्याइनं आधी नुसता पंजा त्याच्या कपाळावर ठेवला, जसा लेकराच्या डोक्यावर ठेवत. टिंकूनं हुंगला, चाटला. मंग हे काईतरी पुटपुटले, लेकराइले म्हणत तेच, झालं राजा झालं, अन् कैची डोळ्याजवळ नेली. एक कच. दुसरं कच. टिंकू हाललं नाई. चौथ्या-पाचव्या हाताले मी पाह्यलं तं कैची चालून राह्यली होती, नुसती चालून राह्यली होती, अन् त्या कुत्र्याचे दोन काळे डोळे पह्यल्यांदा रबराबिगर मले सरळ दिसले. बाई टाळ्या वाजवे. हे बाहेर जाऊन नळाखाली हात धूत बसले, लय येळ धुतले, मी मागं उभी होती पण म्होरं गेली नाई. पुरुषमाणसाले रडताना कोनी पाहू नये.

मंग हे आपण होऊन सावित्रामायच्या दारी गेले, मीही मागं मागं. म्हणाले, माय, लेकराचे केस वाढले असतीन. मी तयारीनं गेलती, ती एक शब्द बोलली असती तं मी सगळं ओकून टाकणार होती. तिनं यांच्याकडं पाह्यलं, यांच्या हाताकडं पाह्यलं, आत गेली अन् नातवाले आणून सोता यांच्या म्होरं बसवलं. सून दारात उभी राह्यली पदर चावत. हात हालला नाई. लेकरू अर्ध्यातच पेंगाले लागलं. सावित्रामायनं मले बाजूले ओढलं अन् हळूच म्हणाली, पंचफुला, साठ वर्षांची झाली मी, पडलेल्या हत्याराची रीत मी कदी ऐकली नाई. ती म्हणे, पण तुहं तोंड पाह्यलं मी, तू माह्या लेकराचं वाईट होऊ देत नोती, एवढं समजलं, बाकी मले सांगू नको. अन् मी नाई सांगतलं. झाकली मूठ तशीच राह्यली. आता ती गेली, तिचा बुढा गेला, भटजी गेले, म्हणून तुम्हाले सांगून राह्यली.

मिलवाल्या सायबाची बदली झाली तवा बाई टिंकूले घेऊन गेली, जाताना माह्या गळ्यात पडून रडली. तोवर दर गुरवारी आमी दोघंही जाऊ, मी गुंता सोडवे, हे डोळे करत. कैची मात्र वेगळी, तिकडंच ठेवलेली, हे त्याइनं ठरवलं. कुत्रे मंग दोघांच्याही मागं लागत.

याइले जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटचे दोन साल हात खरंच थरथरे, म्हातारपणाचा, त्याले विलाज नोता. मीच दाढी करे. गेले त्या दिवशी शेवटच्या दाढीले दुकानवाला न्हावी बोलावला लोकाइनं, तो वस्तरा काढून राह्यला होता, मी म्हणलं थांब रे बाबा. चार माणसं म्हणाले, बाईनं करू नये, अपशकून हाय. मी म्हणलं करू नये ते मी लय केलं. मांडीवर डोकं घेतलं, साबण लावलं अन् सावकाश दाढी केली, कुठी ओढ बसू देली नाई, कुठी रक्त नाई. मान तेवढी उलसक तिरपी होत होती, ती मी डाव्या हातानं धरून ठेवली. माहं बरं चाललं हाय ताई, गावातल्या पोरी केस कापाले येतात, दुवा देऊन जातात. तुम्हीही बसता काय, टोकं फाटले हायेत तुमचे, या इकडं, उजेडात बसा.